बल्ब बदलण्याआधी गाडी भिंतीसमोर उभी करा

वाचकाचं पत्र

"सप्रेम नमस्कार. मी आष्ट्यात राहते आणि मिरजेच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. आठवड्यातले चार दिवस दुपारपाळी, सुटायला रात्रीचे दहा. इतकी वर्षं एसटीच्या मागे धावले. यंदा जीएसटी कमी झाला तेव्हा घरच्यांनी मनावर घेतलं आणि दसऱ्याला चार मीटरच्या आतली छोटी गाडी दारात आली. घरातली पहिलीच. किमतीने खालून दुसरं मॉडेल घेतलं, त्यामुळे हेडलाइट साधे हॅलोजनचे आहेत. दिवसा गाडी छान वाटते, पण रात्री सांगलीवाडी सुटली की जीव मुठीत धरून चालवते. उजेड बॉनेटच्या पुढेच पडतो असं वाटतं. समोरून गाडी आली की काहीच दिसत नाही, आणि हंगाम सुरू झाल्यापासून रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. ॲक्सेसरीजच्या दुकानात '२०० वॅट, २०,००० ल्युमेन' असं छापलेली एलईडी बल्बांची जोडी साडेचार हजारांना दाखवली. वायर कापावी लागत नाही म्हणाले. दीर म्हणतात एलईडी नको, १००/९० चे बल्ब टाक आणि रिले बसव. आमच्या घरचा ट्रॅक्टर तेच चालवतात, त्यांना यातलं कळतं. शोरूमवाले म्हणतात काही केलंत तर वॉरंटी जाईल. खर्चाला ना नाही, पण एकदाच आणि योग्य जागी व्हावा. काय करू?" – एक वाचक, आष्टा

ताई, नमस्कार आणि गाडीबद्दल मनापासून अभिनंदन.

आधी उत्तर देतो, कारणं मागून सांगतो. ते साडेचार हजारांचे एलईडी घेऊ नका. १००/९० वॅटचे बल्बही नकोत. तूर्त काहीच विकत घेऊ नका. आज रात्री गाडीत बसाल तेव्हा स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला डॅशबोर्डवर खाली बघा. बहुतेक गाड्यांत तिथे ० ते ३ आकड्यांची एक छोटी चकती असते, शेजारी हेडलाइटचं चित्र. तिला लेव्हलर म्हणतात. ती ० वर आहे की २-३ वर, तेवढं पाहा.

हे का विचारतो? तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: उजेड बॉनेटच्या पुढेच पडतो. बल्ब मंद असेल तर सगळाच रस्ता मंद दिसतो. गाडीजवळ लख्ख आणि पुढे काळोख असं असेल, तर झोत खाली झुकलेला असण्याचा संभव जास्त. ही चकती मागची सीट आणि डिकी भरलेली असताना वापरायची असते. मागे वजन आलं की गाडीचं नाक वर होतं आणि झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो, तो खाली घेण्यासाठी ती दिलेली आहे. तुम्ही एकट्या असताना, फार तर शेजारी कुणी बसलेलं असताना, ती ० वरच हवी. गाडी पुसताना कुणीतरी सहज फिरवून ठेवतं आणि मालकाला महिनोन्‌महिने पत्ता नसतो. मी सांगलीत पस्तीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं काम केलं. बल्ब बदलून घ्यायला आलेल्या कितीतरी गाड्या नुसती चकती फिरवून परत पाठवल्या आहेत.

चकती ० वर असूनही तसंच दिसत असेल, तर येत्या रविवारी एक तास काढा. सपाट जमीन आणि समोर उभी भिंत अशी जागा शोधा. शाळेचं पटांगण किंवा गोदामाची मागची बाजू चालेल. टायरमधली हवा बरोबर करून घ्या, डिकी रिकामी करा, ड्रायव्हरच्या सीटवर दिरांना बसवा, कारण त्या वजनाचाही फरक पडतो. गाडी भिंतीला जवळजवळ टेकवा. हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजा आणि भिंतीवर त्याच उंचीला आडवी चिकटपट्टी लावा. मग गाडी सरळ मागे १० मीटरवर घ्या आणि डिप्पर, म्हणजे खालचा झोत, लावा.

भिंतीवर उजेडाची एक कडा दिसेल. तिच्या खाली उजेड, वर अंधार. ही कडा उजवीकडे आडवी असते आणि डावीकडे तिरकी वर चढत जाते. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, म्हणून डावा काठ आणि तिथून चालणारी माणसं लांबून दिसावीत आणि उजवीकडून येणाऱ्याच्या डोळ्यांत काही जाऊ नये, असा तो आकार आहे. आडवी कडा चिकटपट्टीच्या साधारण १० सेंटिमीटर खाली हवी. काही गाड्यांत हा उतार किती असावा ते बॉनेटखाली हेडलाइटजवळ टक्क्यांत छापलेलं असतं. १ टक्का म्हणजे १० मीटरला १० सेंटिमीटर.

आता यातला हिशोब बघा, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे. छोट्या गाडीचा हेडलाइट जमिनीपासून साधारण ६५ सेंटिमीटरवर असतो असं धरू. १ टक्का उतार असेल तर उजेडाची कडा ६५ मीटरवर जाऊन जमिनीला टेकते. तोच उतार २ टक्के झाला, म्हणजे भिंतीवर कडा आणखी फक्त १० सेंटिमीटर खाली आली, की झोत ३२ मीटरवरच संपतो. बल्ब तोच, बॅटरी तीच आणि अर्धा रस्ता अंधारात गेला. हा अर्धा रस्ता कोणताही महागडा बल्ब परत आणून देणार नाही, तो फक्त जवळचा तुकडा आणखी उजळेल. हेडलाइटच्या मागच्या बाजूला झोत वर-खाली आणि डावी-उजवीकडे करायचे स्क्रू असतात. वॉरंटीतल्या गाडीत ते स्वतः फिरवू नका. पुढच्या सर्व्हिसिंगला जॉब कार्डवर 'हेडलाइट फोकसिंग करणे' असं स्पष्ट लिहून घ्या आणि भिंतीवरच्या कडेचा मोबाइलवर काढलेला फोटो दाखवा. त्यासाठी त्यांच्याकडे यंत्र असतं. तोंडी सांगितलेलं काम राहून जातं, कार्डावर लिहिलेलं सहसा होतं.

झोत बरोबर बसल्यावर तो तुम्हाला किती पुरेल, तेही सांगतो. ताशी ६० च्या वेगाला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. काहीतरी दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर गेले. पुढे कोरड्या डांबरावर थांबायला आणखी २० मीटर. एकूण ४५. ६५ मीटरच्या उजेडात हे बसतं. ताशी ८० ला हाच आकडा ६८ मीटरच्या आसपास जातो, म्हणजे उजेड संपतो तिथे गाडी थांबलेली नसते. आणि पावसात, किंवा ट्रॉल्यांनी शेतातला चिखल रस्त्यावर आणलेला असेल तेव्हा, ६० च्या वेगालाही ६० मीटर लागतात. त्यातही काळे कपडे घातलेला माणूस किंवा मातकट रंगाची ट्रॉली कडेच्या आधी, बरीच जवळ आल्यावर दिसते. म्हणून डिप्परवर असाल तेव्हा पन्नास-पंचावन्नच्या वर जाऊ नका. घरी पोचायला पाच-सात मिनिटं उशीर होईल. सासूबाईंना तसं आधीच सांगून ठेवा म्हणजे त्या फोन करणार नाहीत आणि तुम्ही घाई करणार नाही.

रस्ता मोकळा असेल तेव्हा मात्र अप्पर, म्हणजे लांबचा झोत, लावा. नव्याने चालवणारी माणसं, विशेषतः स्वभावाने भिडस्त माणसं, सगळा रस्ता डिप्परवर कापतात आणि मग दिसत नाही म्हणतात. कसबे डिग्रज सुटल्यावर समोर कुणी नसेल आणि पुढे जवळपास गाडी नसेल, तर अप्पर हा तुमचा हक्काचा उजेड आहे. समोर दिवे दिसले की लगेच डिप्पर, गाडी गेली की पुन्हा अप्पर. आठ दिवसांत बोटांना सवय होते.

आता त्या एलईडीविषयी. दुकानदार खोटं बोलला असं म्हणत नाही, वायर खरंच कापावी लागत नाही. अडचण वायरीत नाहीच.

एकाच बल्बात अप्पर आणि डिप्पर असेल तर तो एच-४ बल्ब, ६०/५५ वॅटचा, म्हणजे अप्परला ६० आणि डिप्परला ५५. गाडीच्या पुस्तकात खात्री करून घ्या. त्या बल्बात दोन बारीक तारा असतात आणि डिप्परच्या तारेखाली धातूची इवलीशी वाटी असते. तारेतून खाली जाणारा प्रकाश ती वाटी अडवते, कारण तो रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्या भागावर पडला तर वर उसळेल, थेट समोरच्याच्या डोळ्यांत. भिंतीवर जी कडा दिसली ती या वाटीच्या कडेची सावली आहे. तार कुठे, वाटी कुठे, हे मिलिमीटरच्या अंशापर्यंत ठरलेलं असतं आणि मागचा चकचकीत रिफ्लेक्टर त्या एका जागेसाठी घडवलेला असतो. देवघरातल्या समईमागे आरसा ठेवून बघा. ज्योत बोटभर सरकवली की भिंतीवरचा कवडसा कुठल्या कुठे जातो. इथे बोटभर लागत नाही, केसभर पुरतं.

एलईडीत तार नसते. एका पट्टीच्या दोन्ही बाजूंना चपट्या चिप असतात, मध्ये पट्टीची जाडी, आणि प्रकाश दोन बाजूंना फेकला जातो. रिफ्लेक्टरला जिथे तार अपेक्षित होती तिथे दुसरंच काही सापडतं. मग गाडीच्या नाकासमोर पांढराशुभ्र उजेडाचा सडा पडतो, कडा फाटते, वर नको तिथे प्रकाश सांडतो आणि लांब जायला हवा होता तो झोत विरळ होतो. बसवल्याबरोबर दुकानासमोर सगळ्यांना वाटतं, वा, काय उजेड पडला! पण जवळचा रस्ता फार उजळला की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचा अंधार आणखी दाट होतो. तुमची तक्रार जशीच्या तशी राहील, उलट वाढेल. शिवाय या बल्बांच्या मागे पंखा किंवा ॲल्युमिनियमचा जाड भाग असतो, त्यावर हेडलाइटचं मागचं रबरी झाकण पुष्कळदा बसत नाही. झाकण उघडं राहिलं की आपल्याकडची धूळ आणि पावसाचं पाणी आत शिरतं आणि दोन वर्षांत रिफ्लेक्टरची चमक जाते.

खोक्यावरच्या आकड्यांचंही सांगतो. १२ व्होल्टवर २०० वॅट म्हणजे जवळजवळ १७ अँपिअर. जोडीचे मिळून २०० धरले तरी एका बाजूला ८ अँपिअरच्या वर. तुमच्या हेडलाइटचा फ्यूज साधारण १० किंवा १५ अँपिअरचा असतो. एकेका बल्बाने खरंच २०० वॅट ओढले असते तर पहिल्याच रात्री फ्यूज उडाला असता. आणि प्रमाणित एच-४ बल्ब डिप्परला १,००० आणि अप्परला १,६५० ल्युमेन देतो; ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप. एच-४ चे सगळे हेडलाइट तेवढ्यावर बेतलेले आहेत. २०,००० हा आकडा छापायला सोपा आहे.

एलईडी वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही. तुमच्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनीने एलईडी दिले असतील तर त्यांचं भिंग, रिफ्लेक्टर, सगळं त्या चिपभोवती घडवलेलं असतं आणि त्याचा उजेड सुरेख असतो. हॅलोजनच्या घरात एलईडी कोंबण्याला माझा विरोध आहे.

त्याला एक कारण माझ्या आयुष्यातलं आहे. काही वर्षांपूर्वी डिसेंबरात मी याच रस्त्याने, तुंगच्या अलीकडे, सांगलीकडे येत होतो. समोरून असेच बल्ब लावलेली एक गाडी आली. दोन-तीन सेकंद मला पांढऱ्या धुक्याखेरीज काही दिसलं नाही. मी गाडी हळू केली, आणि ती गाडी बाजूने गेल्यावर डोळे निवळले तेव्हा माझ्या बॉनेटपासून दोन हातांवर उसाची बैलगाडी होती. मागे कंदील नाही, रिफ्लेक्टर नाही. उसाच्या भाऱ्यावर गोधडी पांघरून एक पोर झोपलेलं होतं. वेग आणखी दहाने जास्त असता तर काय झालं असतं, ते मी अजून मनात पूर्ण करत नाही. त्या समोरच्या गाडीवाल्याला यातलं काहीच कळलं नाही. तो आपल्या लख्ख उजेडात खुशीत निघून गेला असेल. ताई, तुमच्या हेडलाइटमुळे दिपणारा माणूस तुम्हाला कधी दिसणार नाही, म्हणून हे एवढं लांबवून सांगितलं.

दिरांच्या सल्ल्याकडे येतो. त्यातलं रिलेचं, म्हणजे दिव्याचा मोठा करंट स्वतःवर घेणाऱ्या वेगळ्या स्विचचं, म्हणणं अनुभवाचं आहे, त्याला मान द्यायला हवा. जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट स्विचमधून, बारीक वायरीतून फिरून यायचा आणि बल्बापर्यंत व्होल्टेज गळायचं. हॅलोजन या बाबतीत फार हळवा. व्होल्टेज १० टक्के कमी झालं तर उजेड जवळजवळ ३० टक्के घटतो. बॅटरीवरून थेट जाड वायर, मध्ये फ्यूज आणि रिले असं केलं की मंद दिवे खडखडीत व्हायचे. मीही शेकडो गाड्यांना ते केलं. पण तुमची गाडी दोन-अडीच महिन्यांची आहे. इंजिन चालू ठेवून, दिवे लावून बल्बाच्या सॉकेटवर मीटरने १३ व्होल्टच्या वर मिळत असेल तर रिले लावून काही पदरात पडणार नाही. आणि हल्लीच्या गाड्यांत दिव्यांवर इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलची नजर असते, त्यात बाहेरून हात घातला की वॉरंटीचा वाद ठरलेला. शोरूमवाले इथे बरोबर आहेत.

१००/९० चं मात्र मी स्पष्ट नाही म्हणतो. ६० वॅटचा बल्ब ५ अँपिअर घेतो, १०० वॅटचा ८ च्या वर. उष्णता त्याच मानाने. पंचवीसेक वर्षांपूर्वी तासगाव भागातल्या एका द्राक्ष बागायतदारांच्या हट्टापायी मी त्यांच्या गाडीत असे बल्ब टाकले. रिले नीट बसवला, वायर जाड वापरली, तेवढं पुरेल असं मला वाटलं. चौथ्या महिन्यात रात्री माल पोचवून येताना होल्डर वितळून एक दिवा गेला आणि दुसऱ्या बाजूचा रिफ्लेक्टर आतून काळा पडलेला निघाला. ते माणूस चांगले, मला एक शब्द बोलले नाहीत. मी दोन्ही हेडलाइट माझ्या खर्चाने बदलून दिले आणि त्यानंतर कधी तो बल्ब कुणाच्या गाडीत घातला नाही. त्या काळचे रिफ्लेक्टर पत्र्याचे होते. आता हेडलाइट बहुतेक सगळा प्लास्टिकचा असतो.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. रस्त्यावर रोज कुणी पकडत नाही हे खरं, पण अपघात झाला तर विमावाले आणि वकील हेडलाइट उघडून बघतात.

मग खर्च करायचाच असेल तर कशावर? झोत जुळवून, काच पुसून, पंधरा दिवस चालवल्यावरही कमी वाटलं तर नामांकित कंपनीचे त्याच ६०/५५ वॅटचे, जास्त उजेडाचे म्हणून मिळणारे हॅलोजन बल्ब घ्या. फिलिप्स, ऑसराम, बॉश, कुठलेही. त्यांत वॅट वाढवलेले नसतात, तार जास्त तापवून आणि जास्त नेमकी बसवून उजेड काढलेला असतो, म्हणून ते साध्या बल्बापेक्षा लवकर जातात. हे धरूनच घ्या. दोन्ही बाजूंचे एकदम बदला. निळसर काचेचे घेऊ नका, तो निळा रंग उजेडाचाच काही भाग खातो. आणि बल्बाच्या काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल लागलं की तिथे काच जास्त तापून तडकते. चुकून लागलंच तर तुमच्या लॅबमधल्यासारखा स्पिरिटचा बोळा फिरवा आणि वाळू द्या.

तुमच्या बंपरमध्ये फॉग लॅम्पसाठी गोल झाकण असेल तर कंपनीचेच फॉग लॅम्प शोरूममधून बसवून घ्यायला हरकत नाही. ते लांबचं दाखवणार नाहीत. रस्त्याची कड, साइडपट्टीचा खड्डा आणि कृष्णाकाठी पहाटे उतरणारं धुकं, एवढ्यासाठी ते उत्तम. धुक्यात अप्पर कधी लावू नका, उजेड तुमच्याकडेच परत येतो. सगळ्यात चांगला आणि सगळ्यात महाग मार्ग म्हणजे वरच्या मॉडेलचा अख्खा हेडलाइट. तो तुमच्या गाडीला बसतो का, कपलर (वायरीचा जोड) तोच आहे का, वॉरंटी राहते का, हे शोरूमकडून लेखी मागा. लेखी देत नसतील तर विषय सोडून द्या.

काच पुसण्याचं वर म्हणालो, ते सहज म्हणालो नाही. नव्या गाडीतलं प्लास्टिक उन्हात तापून त्याची वाफ समोरच्या काचेवर आतून साचते. नव्या गाडीचा जो वास आपल्याला आवडतो, त्याचाच हा थर. दिवसा दिसत नाही, रात्री समोरून दिवे आले की सगळी काच दुधाळ होते. 'समोरून गाडी आली की काहीच दिसत नाही' यातला मोठा वाटा याचा असू शकतो. सौम्य साबणाच्या पाण्याने आतली काच धुवा, स्वच्छ कोरड्या मऊ फडक्याने दोनदा पुसा, आणि पहिले काही महिने दर आठवड्याला. वायपरची रबरं ओल्या फडक्याने पुसा. आतला आरसा रात्री खालची कळ ओढून मंद करा. गाण्यांच्या स्क्रीनचा उजेड कमीत कमी ठेवा. आणि हॉस्पिटलमध्येच आहात तर एकदा डोळे तपासून घ्या. थोडासा लघुदृष्टीचा नंबर दिवसा जाणवत नाही, रात्री तो दुप्पट त्रास देतो. रात्री चालवायला म्हणून विकतात ते पिवळे चष्मे घेऊ नका, अंधारात असलेला उजेडही ते कापतात.

समोरचा डिप्पर देतच नसेल तर एकदा खूण करा, त्याने ऐकलं नाही तर सोडून द्या. आपणही अप्पर लावून त्याला धडा शिकवायला गेलो तर दोन आंधळी माणसं एकमेकांकडे येतात. नजर त्याच्या दिव्यांवरून काढून रस्त्याच्या डाव्या काठावर, पांढरा पट्टा असेल तिथे पट्ट्यावर ठेवा आणि पाय ॲक्सिलरेटरवरून उचला. तो गेल्यावर डोळे सावरायला काही सेकंद लागतात. त्या काही सेकंदांतच समोर न दिसलेली ट्रॉली असते.

ट्रॉलीवरून शेवटचं, आणि हे दिरांना वाचून दाखवा. हेडलाइट कितीही चांगला असो, मातीने माखलेली ट्रॉली उजेड गिळून टाकते. रिफ्लेक्टरच्या टेपचं तसं नाही. आलेला उजेड ती जिथून आला तिथेच परत पाठवते, म्हणून साध्या हॅलोजनच्या झोताच्या कडेवरून निसटलेल्या थोड्या उजेडातही ती शंभर मीटरहून लांबून चमकते. तुमच्या सगळ्या खर्चापेक्षा त्या हातभर टेपने तुमचा रस्ता जास्त उजळेल, फक्त ती तुमच्या गाडीला नाही, पुढच्या ट्रॉलीला लावलेली हवी. तुमच्या घरच्या ट्रॉलीला मागे लाल, बाजूंना पिवळी आणि पुढे पांढरी, अशी टेप आहे का? दोन ट्रॉल्या जोडल्या असतील तर दोन्हींना लावा, कारण वळणावर मधली बाजू आडवी येते. कारखान्यावर नंबर लागेपर्यंत रांगेत तासन्‌तास थांबावं लागतं, त्या वेळात शेजारच्या दोन-चार ट्रॉल्यांनाही लावता येईल. साडेचार हजारांतले काही रुपये त्यात घाला. उसाचं पाचट मागे लोंबत असेल तर टेप झाकते, ते कापायचं. आणि लावण्याआधी पत्रा धुऊन पूर्ण कोरडा करून घ्यायला सांगा, मातीवर टेप धरत नाही.